कडेची बुरशी

सोमवार, १ फेब्रुवारी

कारखान्यात शिफ्ट संपली की दोन ओळी लिहून खाली सही ठोकायची. ती सवय हातात इतकी मुरलीय की नोकरी गेली तरी संध्याकाळी हात पेन शोधतो. शोधू दे. आजपासून लिहायला काहीतरी आहे.

ठकीची खोली रिकामी केली. लेक नोकरीच्या गावी राहायला गेल्यापासून तिथं फक्त जुन्या गाद्या आणि तुटका पंखा होता. आता भिंतीला लोखंडी मांडण्या, प्रत्येक कप्प्याला दिवा आणि दोन नवे पंखे. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पसरून ओलं केलं, एकात मोहरी, एकात मुळा दाट पेरला. वर दुसरा ट्रे उपडा, त्यावर वजनाला वीट. चार-पाच दिवस अंधारात राहील, मग उजेड दाखवायचा. बोटभर वाढून दोन पानं उघडली की कापायचं, डबीत भरायचं, हॉटेलांना द्यायचं. मायक्रोग्रीन्स म्हणतात. प्रशिक्षणाला गेलो होतो तिथं सगळी पोरं होती, मी एकटाच टकलू.

ही म्हणाली, "एवढुशी पानं! खाणाऱ्याच्या दाढेखाली तरी येतील का?"

म्हटलं, "तू बघच."

"बघतेच आहे," म्हणाली आणि खोलीच्या मधोमध ठेवलेली बादली उचलून कोपऱ्यात सरकवली. हिला कुठलीही वस्तू ठेवलेल्या जागी राहू द्यायची नसते.


शनिवार, ६ फेब्रुवारी

सकाळी विटा उचलल्या. मोहरी छान उसळलीय, वरचा ट्रे तिनं उचलून धरला होता. मुळ्याच्या ट्रेत मात्र सगळीकडे पांढरी लव. ही किंचाळलीच, "अगं बाई, बुरशी!"

पाण्याचा फवारा आणला, मारला. पांढरं सगळं बसलं. मग समजावलं. कोवळ्या मुळांना बारीक केस असतात, पाणी पडलं की दिसेनासे होतात. बुरशी बसत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखी वर तरंगते आणि तिला वास येतो. फरक ओळखता आला पाहिजे, बाकी या धंद्यात काही अवघड नाही. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? बाटल्या पट्ट्यावरून जायच्या, मागून पांढरा उजेड, काचेत केसाएवढा तडा असला तरी माझा हात आपोआप पुढे जायचा. साहेब मला घार म्हणायचे. शेवटी माझ्या जागी कॅमेरा बसवला ती गोष्ट वेगळी.

ही नीट ऐकत होती. मग म्हणाली, "आणि कोपऱ्यांत बघितलंत?"

"कोपऱ्यांतही तेच असणार ना!"

तिनं फवारा माझ्या हातातून घेतला आणि कोपऱ्यांत मारला. शिकण्याची हौस आहे म्हणायची.


मंगळवार, १६ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक! स्टेशनापलीकडच्या हॉटेलातली शेफ. ठकीच्याच वयाची, पांढरा कोट, हातावर भाजल्याचे डाग. मुळ्याची काडी दातांनी कुटकन तोडली, डोळे मिटून चावली. "काका, हे ताजं आहे. आठवड्यातून दोनदा द्याल?" मी घसा खाकरून "बघू, जमेल" म्हटलं. ही माझ्याकडे बघून पदराआड हसली.

जाता-येता स्कूटरवर मात्र हिनं कान खाल्ले. "डावीकडून बस आली. आता उजवीकडे सायकलवाला. थांबा, बाई रस्ता ओलांडतेय. बाईच्या मागे मूल आहे." ठकी मोठी होईपर्यंत ही माझ्या मागे तोंड मिटून बसायची, आता अशी सुटलीय की रेडिओ नको. नव्या धंद्याचा उत्साह असेल. बोलू दे.


शुक्रवार, ५ मार्च

आज जरा वाजलं आमचं. कापणीच्या दिवशी मी उठायच्या आत ही ट्रेंचे कोपरे कातरून टाकते. पकडलं तिला.

"तिथं वाढ विरळ होती," म्हणे.

"मला नाही दिसली विरळ."

"बरं, नव्हती."

"मग टाकलीस का?"

"चहा घ्या, गार होतोय."

चांगला माल असा टाकायचा म्हणजे काय? कारखान्यात मी खोटी बाटली कधी आत जाऊ दिली नाही, पण खरी बाटली बाहेरही काढली नाही. तिला म्हटलं, तपासणी माझ्याकडे, तू भरायचं काम कर. मान हलवली. तिची ती मान हलवायची तऱ्हा मला ठाऊक आहे. करायचं तेच करणार.

पॅसेजमधला बल्ब फार मंद झाला होता, बदलला. नवाही तसलाच. हल्ली मालच हलका येतो.


सोमवार, २२ मार्च

दोन हॉटेलं आणखी मिळाली. सूर्यफूल लावायला घेतलंय. बियांची टरफलं पानांना टोपीसारखी चिकटून बसतात, ती हातानं झाडायला लागतात. आम्ही दोघं समोरासमोर बसून टोप्या उतरवतो. बोलायला विषय नसला तरी बरं वाटतं.

दाराच्या चौकटीला खांदा पुन्हा आपटला. ही तेल लावताना म्हणाली, "अहो, हल्ली अगदी मामंजींसारखे चालता." माझे वडील शेवटी भिंतीला हात लावून चालायचे, समोर ठेवलेला पेलाही लवंडायचे. म्हातारपण. मी म्हटलं, "ते ऐंशीचे होते, मी पंचावन्नचा पण नाही. वाकडं बोलू नकोस."

"डॉक्टरला दाखवू या का एकदा?"

"खांदा? तेल लाव, जाईल."

ती तेल लावत राहिली. जरा जास्तच वेळ.


रविवार, ४ एप्रिल

काल लिहिणं झालं नाही. आज लिहितो.

काल सकाळी माल घेऊन निघालो. निघायच्या आधीच माझं डोकं फिरलं होतं. शेजारच्यांसमोर ही म्हणाली, "यांना मी मागे बसून रस्ता सांगते." सगळे हसले. जिना उतरताना मी म्हटलं, "आज एक शब्द काढू नकोस. मला गाडी चालवता येते."

ती बसली. एक शब्द बोलली नाही.

चौकाच्या पुढे उतार आहे. रस्ता मोकळा होता, मी शपथेवर सांगतो, मोकळा होता. आणि एकदम समोर सायकल. कुठून आला तो माणूस, आकाशातून पडला? हिनं माझ्या कमरेला घट्ट धरलं आणि ओरडली. मी ब्रेक दाबला, गाडी घसरली. सायकलवाला म्हातारा पोस्टमन, गुडघे फुटले त्याचे. उठून बसला आणि शिव्या दिल्या, म्हणजे ठीक होता. ही उठलीच नाही. उजवा हात अंगाखाली, नको त्या दिशेला वळलेला. रस्त्यावर सगळीकडे डब्या आणि हिरवी पानं. लोक त्यावरून चालत आले आणि तिला उचललं.

हाड दोन ठिकाणी मोडलंय. प्लास्टर घातलं. मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत होतो की तो डावीकडून घुसला, त्याचीच चूक. ही डोळे मिटून पडली होती. एकदाच म्हणाली, "त्याला काही बोलू नका. तो सरळच येत होता."

भूल दिली होती, त्यात माणूस काहीही बोलतं.


गुरुवार, १५ एप्रिल

सगळं एकट्यानं चाललंय. पेरणी, पाणी, कापणी. ठकी दोन दिवस येऊन गेली. आईची वेणी घातली, मला स्वयंपाकाचं शिकवून गेली. मला कुकर लावता येतो आता.

ही प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसते. "तो खालचा ट्रे जरा फिरवा." "त्याची मागची बाजू बघितली का?" "अहो, एकदा नाक लावून बघा तरी." शेवटी म्हटलं, "जा, पड जरा. मला काम करू दे." गेली. दार लावून घेतलं मी.

सूर्यफूल आणि मुळा, दोन्हींची भरगच्च वाढ आहे. या वेळी कोपरे शाबूत. एक पान वाया गेलं नाही. उगाच नाही साहेब मला घार म्हणायचे.


मंगळवार, २० एप्रिल

स्कूटर गॅरेजात आहे, म्हणून माल बसनं नेला. शेफनं डब्या ओट्यावर मांडून एकेक उघडली.

"काका, हे काय आहे?"

मी बघितलं. हिरवंगार. "काय झालं?"

"कडेला बघा."

"बघतोय की."

तिनं डबी उचलून फिरवली आणि माझ्या नाकासमोर धरली. पानांच्या खाली राखाडी जाळं. ओलसर, घाण. मघाशी ते तिथं नव्हतं. मी तिला तसं म्हणालोही बहुतेक. तिनं दुसरी फिरवली. तिसरी फिरवली.

"मावशी बऱ्या आहेत ना? माल त्याच बघतात ना नेहमी?"

"माल मीच बघतो."

"मग आजचा कुणी बघितला?"

मागे कोणीतरी भांडी घासत होतं, तेही थांबलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी उघडून बघितलं म्हणून. एखाद्या आजारी माणसाच्या ताटात गेलं असतं तर? सध्या नको, काका. मावशींना बरं वाटलं की या."

बसमध्ये रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. डब्या तिथंच कचऱ्यात टाकल्या.


बुधवार, २१ एप्रिल

काल घरी येऊन सरळ खोलीत गेलो. एक ट्रे खाली घेतला, टेबलावर ठेवला आणि हळूहळू फिरवला. ट्रे फिरत होता आणि डावीकडून बुरशी समोर आली. मग गेली. उजवीकडून दुसरी आली. नजर न हलवता ट्रे स्थिर ठेवला तर सगळं चांगलं होतं. फिरवला की वाईट. मी दुसरा घेतला. मग सगळेच घेतले. ही दारात येऊन उभी होती ते मला कळलंच नाही. ती बोलली तेव्हा कळलं.

"बसा जरा," म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"कारखाना सुटायच्या आधीपासून. जेवताना पेल्याला हात लागायचा तुमचा. मी पेला मधे ठेवायला लागले."

मला पेला आठवेना. मधेच असतो की पेला. आमच्याकडे पेला मधेच ठेवतात.

"मग बोलली का नाहीस?"

"किती वेळा म्हटलं डॉक्टरकडे चला. तुम्ही म्हणायचा, माझे डोळे? मग तुमची नोकरी गेली. त्यातून उठून तुम्ही हे उभं केलंत, रोज मुलासारखे ट्रे बघायला धावायचा. कोणत्या तोंडानं सांगू, तुम्हाला दिसत नाही म्हणून?"

"आणि माझ्यामागे स्कूटरवर बसायचीस?"

"तुम्ही एकटे जाऊ नये म्हणून बसायचे."

ते कोपरे, ती बडबड, बादली, पेला. एकेक आठवत गेलं आणि मी खुर्चीला धरून बसलो. मीच तिला गप्प बसवलं आणि तिनं ऐकलं. हात तिचा मोडला.

मी माफी मागितली का? नाही मागितली. तिनं डाव्या हातानं एकेक ट्रे उचलून कचऱ्यात उपडा केला, मी पिशवी धरली.


सोमवार, २६ एप्रिल

डोळ्यांचा दवाखाना. समोरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली आणि हिच्याकडे बघितलं. ही हसली नाही.

मग एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला कुठंही उजेडाचा टिपका चमकला की बटण दाबायचं. सुरुवातीला दोन-चार चमकले, दाबले. मग काहीच नाही. बराच वेळ झाला. मी म्हटलं, "ताई, तुमचं मशीन बंद पडलंय."

मशीनवर बसलेली पोरगी काही बोलली नाही. मग म्हणाली, "चालू आहे, काका. तुम्ही मधेच बघत राहा."

चालू होतं. सगळा वेळ टिपके चमकत होते.

डॉक्टरांनी कागद दाखवला. गोल चित्र, मधे थोडा पांढरा भाग, भोवती काळं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. कडेपासून सुरू होतं, दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. मी विचारलं, गेलेलं परत येईल? ते म्हणाले, "नाही. राहिलंय ते ठेवायचा प्रयत्न करू. रोज थेंब घालायचे, न चुकता. गाडी आजपासून बंद."

आयुष्य काचेत गेलं आणि शेवटी डोळ्यात आली तीही काच. ही कोटी मी त्यांना ऐकवली. ते हसले नाहीत, मीही हसलो नाही.

"घरात आधी कुणाला होतं?"

मी नाही म्हणणार होतो. हीच म्हणाली, "सासऱ्यांना दिसत नव्हतं शेवटी. आम्ही म्हातारपण समजलो."

"मुलं?"

"एक मुलगी," मी म्हटलं.

"तिला तपासायला आणा. लवकर."

शेवटच्या वर्षी माझ्या पट्ट्यावरून किती तडे निघून गेले असतील, हा विचार घरी परतताना बसमध्ये आला. झटकला. गेला नाही.


सोमवार, ३ मे

ठकीला अजून सांगितलं नाही. फोन येतो, आईच्या हाताचं बोलतो, ठेवतो. पोरगी आत्ता कुठं स्वतःच्या पायावर उभी राहिलीय, तिच्या डोक्यात कशाला किडा सोडायचा. होईलच असं थोडंच आहे?

आज ही कडाडली. मी तिला असं बोलताना कधी बघितलं नव्हतं. "मी तुम्हाला सांगितलं नाही त्याचं काय झालं ते बघितलंत ना? माझा हात भरून येईल. तुमचं गेलेलं भरून येणार आहे का? आणि आता तुम्ही तिच्याशी तसंच वागणार!"

फोन तिनंच लावून माझ्या हातात दिला.

सगळं सांगितलं. ठकी म्हणाली, "पण बाबा, मला स्वच्छ दिसतं."

"मलाही दिसत होतं," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला.


रविवार, १६ मे

ठकीचा फोन नाही. आईशी बोलते, माझं नाव निघालं की कामात आहे म्हणते.

पुन्हा पेरणी केली. मांडणी सोडा घालून पुसली, बी आधीपेक्षा विरळ टाकलं, पंखे दिवसभर. रोज प्रत्येक ट्रे टेबलावर घेतो आणि माझ्यासमोर पूर्ण फिरवतो. मग बोट कडेनं फिरवतो, मग नाक. वेळ फार लागतो. ही नंतर येऊन पुन्हा बघते, माझ्यासमोर बघते, चोरून नाही. काल एक डाग तिला सापडला. मला राग आला, गिळला. डाग दाखवून म्हणाली, "अगदी बारका होता हो." मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस." "बरं, रुपयाएवढा होता."

आम्ही दोघं हसलो. पुष्कळ दिवसांनी.

परवा शेफकडे दोघं मिळून गेलो. तिला खरं काय ते सांगितलं, उभ्या उभ्या. तिनं कोटाला हात पुसले, स्टूल ओढून हिला बसवलं. एक डबी उघडून सगळ्या बाजूंनी बघितली, चावून बघितलं. "मुळा चालेल. बाकीचं पुढच्या महिन्यात बघू. दोघं यायचं मात्र." दुसऱ्या दोन हॉटेलांनी दारातूनच परत पाठवलं. त्यांचं बरोबर आहे.

स्कूटर विकली. घेणाऱ्यानं ती जिन्याखालून काढली तेव्हा मी वरच थांबलो.


शनिवार, ५ जून

ठकी काल आली, न कळवता. पिशवी दारात ठेवून म्हणाली, "उद्याची वेळ घेतलीय. बाबा, तुम्ही चला बरोबर. आई नको, ती रडेल." ही तिथंच रडली.

आज डोळ्यांच्या दवाखान्यात मी तपासणीच्या दाराबाहेर बाकावर बसलो होतो. आतून बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक. टक टक. टक. मग थांबला. माझ्या वेळी ती पोरगी किती वेळ गप्प होती, ते मला त्या बाकावर बसून कळलं. पुन्हा टक. पुन्हा शांतता, पुन्हा टक. प्रत्येक शांततेत मी नवस बोललो, कुणाला ते माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले दाब वाढलेला आहे. नस अजून शाबूत आहे. थेंब रोज, आयुष्यभर, दर सहा महिन्यांनी तपासणी. "वेळेवर आणलंत," म्हणाले.

बाहेर येऊन ठकी भिंतीला टेकून उभी राहिली. "म्हणजे मलाही आहे."

"आहे," म्हटलं. "पण गेलेलं काही नाही."

रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला. मी धरू दिला.


रविवार, ६ जून

सकाळी ठकीचा पहिला थेंब. आईचा हात अजून थरथरतो, म्हणून मी म्हटलं मी घालतो. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बघू दे.

खिडकीपाशी पलंगावर ती उताणी पडली. लहानपणी तापात पडायची तशी, हात पोटावर, पायाची बोटं ताठ. मी बाटली उलटी केली. पहिला थेंब गालावर गेला आणि कानात उतरला.

"बाबा!"

"थांब गं. हलू नकोस."

मी मागे सरकलो, मग पुढे आलो, मग जागा सापडली. हातभर अंतर. तिथून तिचा चेहरा पूर्ण मावतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही कान धरून. याहून जवळ गेलं तर तुकडे होतात.

"वर बघ," मी म्हटलं.

थेंब बरोबर पडला. तिनं डोळे मिटले आणि मी तिथंच, हातभर अंतरावर उभा राहिलो, ती उघडेपर्यंत.